गच्चीवरून आलेलं गरम पाणी

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण ही बनवलेली गोष्ट नाही. आमच्या मामेभावाच्या बाबतीत घडलीय, आणि त्याला खोटं रचून सांगायची अक्कलच नाही.

रात्रसुद्धा नव्हती हो. चांगली संध्याकाळ. खोलीत ऊन येत होतं.

मामेभाऊ नळकाम करतो. सगळे त्याला पाना म्हणतात. लग्नातला सोडला, तर पाना हातात नाही असा त्याचा फोटोच सापडायचा नाही.

तर हा पाना पहिल्यांदाच बायकोला आणि सासूबाईंना घेऊन परदेशी गेला. हॉटेल त्यानंच निवडलं. निघायच्या आधी नुसत्या फुशारक्या. "आई, तिथं बटण दाबायचं, की माणूस हजर!"

बटण दाबलं.

कुणी आलं नाही.

चादरीवर कुणाचे तरी केस. टॉवेल एकच, तोही ओला. आणि नळाला पाणी नाही. गरम सोडा, गारसुद्धा नाही.

सासूबाई खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसल्या. "जावईबापू, लेक दिली नळवाल्याला, आणि मी बसलेय बिनअंघोळीची. काय नशीब काढलं!"

"आई, गप गं," बायको म्हणाली. पण हसली तीही.

पाना दोन-तीनदा खाली जाऊन आला. काउंटरवरचा माणूस मोबाइलमधून मान वर काढीना. सासूबाईंसमोर परत जायचं कुठल्या तोंडानं? शेवटी बॅगेतून पाना काढला आणि बाथरूमचं दार लावून घेतलं.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो. एक माणूस खाली नळाशी असतो, दुसरा वर टाकीशी. हाक पोचत नाही. म्हणून पाइपावर ठोकायचं. एक ठोका, पाणी सोड. दोन, बंद कर. तीन, काम झालं, घरी जा. आणि सलग ठोके आले तर... अडकलोय, लवकर ये.

ही खूण पानाच्या माणसांपुरतीच. त्यानंच बसवलेली.

पाइप कुठं तुंबलाय बघावं, म्हणून त्यानं सहज ठोकलं.

टण्.

आणि... पाणी आलं.

गरम. वाफाळतं.

सासूबाईंची अंघोळ झाली. बाहेर येऊन म्हणाल्या, "नाही हो, जावई हुशार आहे आमचा!" लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. पाना फुलला नुसता.

मग गंमत म्हणून त्यानं दोनदा ठोकलं.

पाणी थांबलं.

नळ उघडाच होता...

त्यानं वर छताकडे बघितलं. वर कोण आहे? आणि माझी खूण त्याला कशी ठाऊक?

तेवढ्यात वरून आवाज आला.

टण्... टण्... टण्... टण्...

सलग.

पाना धावत दाराशी गेला. चप्पल पायात सरकवली.

"कुठं निघालात?" सासूबाई. "बिघडवलंत की काय परत?"

"कसला आवाज येतोय हो?" बायकोनं विचारलं.

सांगणार काय? वर कुणीतरी अडकलंय आणि मला बोलावतंय? वेड लागलं म्हणतील. आत्ता कुठं जरा मान मिळाला होता...

"काही नाही. हवा धरलीय पाइपात," तो म्हणाला.

ठोके वाढले. घाईचे झाले. सासूबाई भुवया चढवून बघायला लागल्या.

पाना परत बाथरूममध्ये गेला. दार लावलं. आणि पाइपावर ठोकलं... तीनदा.

आवाज तिथल्या तिथं बंद झाला.

मालकाचं मुकाट ऐकावं, तसा.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. उजाडताच गच्चीवर गेला. टाकी होती. गंजलेली, कोरडीठाक. खालचा पाइप कधीचा कापून टाकलेला. खोल्यांकडे काहीच जात नव्हतं.

झाकण उचलून आत डोकावला. आत कुणी नव्हतं.

पण पत्र्याला पोचे पडले होते...

आतून.

काउंटरवरच्याला खुणा करकरून विचारलं. त्यानं खोलीची किल्ली मागितली, एवढंच.

मी पानाला म्हटलं, "भ्यालास ना?"

"भ्यालो नाही रे," म्हणाला. "माझ्या एका ठोक्याला त्यानं पाणी दिलं. आणि त्यानं बोलावलं, तेव्हा मी त्याला..."

आणि बोटानं टेबलावर ठोकलं. तीनदा.

परवा त्याच्याकडे पाहुणे जमले होते. मीही होतो. सासूबाई रंगात आल्या. "अहो, हॉटेलवाल्यांनी हात टेकले, पण आमच्या जावयानं परदेशात पाणी काढून दाखवलं!"

सगळे वाहवा करायला लागले. पाना जमिनीकडे बघत होता.

"आई, नका ना सांगू ते," तो हळूच म्हणाला.

"अगं बाई, लाजता काय!" सासूबाई हसल्या.

आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागल्या.