भुवई उडवली की चाल बदलायची

बेल वाजली तेव्हा रुचिताचे अर्धे केस विंचरून झाले होते आणि अर्ध्यांसाठीच्या पिना तोंडात होत्या. दार उघडलं, तर समोर एक मुलगा! पिवळा कुर्ता, सावळा, उंच, आणि भुवया... अगं, काय सांगू, कुणीतरी निवांत बसून काढल्यासारख्या!

"मगाशी पेटी कोन वाजवत व्हतं?" त्याने विचारलं.

"म्मी." पिनांमुळे तेवढंच आलं.

"मंग खाली चल. आमचा कीबोर्डवाला पिंटू आजारी पडलाय. कीबोर्ड आनलाय, वाजवनारा न्हाय."

खाली नीलमताईची हळद होती, म्हणजे रुचिताच्याच मजल्यावरच्या ताईची. गोडदेवच्या त्या चिकटून उभ्या बिल्डिंगांच्या मधोमध मांडव पडला होता आणि समुद्रकाठच्या तारोडी गावाची बेंजो पार्टी वाजवायला आली होती. हा स्वरूप त्यातला बेंजोवाला. रुचितासारखाच बारावीला. रुचिता पाचवीपासून शशिकांत सरांच्या क्लासला पेटी शिकत होती. सगळ्या परीक्षा पास, सर्टिफिकेटं भिंतीवर. पण क्लासच्या बाहेर वाजवलेलं? छे!

"हळदीची गानी येतील?"

"गाणी येतात," ती जरा ताठ्यातच म्हणाली.

आणि खरंच आली की! अख्खी सोसायटी नाचायला लागली. नीलमताईची आई, समोरच्या हंसाबेन, वॉचमनकाकासुद्धा. रुचिताने गाणं शेवटपर्यंत नेलं, क्लासमध्ये शिकवतात तशी छान तिहाई घेतली, बरोब्बर समेवर आली... आणि हात जोडून थांबली.

ती थांबली तसा ताशा थांबला. ढोलकी थांबली. सगळ्यांचे हात हवेत. हंसाबेन तर एका पायावर!

"अरे, शुं थयुं? बंद केम कर्युं?"

"गाणं संपलं..." रुचिता पुटपुटली.

पार्टीचे मालक राघोदादा गळ्यात ताशा अडकवून नुसतेच बघत राहिले. स्वरूपने मात्र हसू गिळलं, बेंजोवर तीच ओळ परत उचलली, आणि मांडव पुन्हा हलायला लागला. मग तो तिच्याकडे वाकून म्हणाला, "हळदीत गाना संपत न्हाय. मानसा दमली, की मंग थांबायचा."

"पण मला कसं कळणार, कधी काय बदलायचं?"

"माझ्याकडं बघायचं."

"काय?"

"भुवई उडवली की चाल बदलायची. कीबोर्डकडं बघून काय व्हनार? कीबोर्ड काय सांगनार हाय तुला?"

आता तुम्हीच सांगा! जी मुलगी सात वर्षं फक्त काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांकडे बघत वाजवत आली, तिने आता एका मुलाच्या डोळ्यांत बघत वाजवायचं? आणि तेही हळद संपेपर्यंत! पहिल्यांदा तिने बघितलं नि पटकन मान खाली घातली. चाल चुकली. दुसऱ्यांदा बघितलं... भुवई उडाली. तिची बोटं आपसूक वळली. तिसऱ्यांदा तर भुवई उडायच्या आधीच तिला कळलं होतं.

निघताना राघोदादा म्हणाले, "पोरी, सरावाला येशील काय शनिवारी?"

आईने "बारावी आहे!" म्हणून नाक मुरडलं. पण पप्पा म्हणाले, "मी सोडतो, मीच आणतो." मग दर शनिवारी पप्पांच्या स्कूटरवरून तारोडी. देवळामागे सराव चालायचा. बांबूंवर बोंबील सुकत असायचे, समुद्रावरून खारट, थंडीतला गार वारा यायचा. पहिल्या शनिवारी तिने नाकाला ओढणी लावली. महिन्याभरानंतर मात्र तो वास आल्याशिवाय तिला सराव सुरू झाल्यासारखंच वाटेना!

स्वरूप नुसतं ऐकून वाजवायचा. सुरांची नावं त्याला माहीतच नव्हती.

"हा वाजवलास ना आत्ता, तो कोमल निषाद," ती एकदा म्हणाली.

"कोमल? नाव भारी हाय. तुला न्हाय शोभायचं."

"गप रे!"

"बघ... म्हनूनच बोललो."

तिने चिडून त्याच्या बेंजोची पट्टी दाबून धरली. त्याने हात हलवला नाही. बोटांमध्ये एका पट्टीचं अंतर होतं फक्त... आणि समुद्र इतका शांत, की जणू तोही ऐकत होता. मग राघोदादा खाकरले आणि दोघंही एकदम भलतंच काहीतरी वाजवायला लागले.

एका शनिवारी रुचिताने धीर करून सांगितलं, "दादा, मी एक चाल बांधलीय. माझी."

दादांनी ऐकली. मान डोलावली नाही, नाकारलीही नाही. "स्वप्नीलच्या हळदीत वाजव. लोक नाचले, तर आपली. बसले, तर परत काढायची न्हाय."

इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चाली वाजवल्या, परीक्षकांनी मार्क दिले. ही पहिली तिची स्वतःची होती. ती अशी एकाच संध्याकाळी मेली तर?

स्वप्नील म्हणजे स्वरूपचा चुलतभाऊ. हळदीला सगळी तारोडी लोटली होती. रुचिताने चाल सुरू केली. जीव ओतून! इथे मुरकी, तिथे हरकत, मध्ये एक लांब तान...

लोक थबकले. एकमेकांकडे बघायला लागले. दोन बायका जेवणाच्या टेबलाकडे वळल्या. एका काकांनी तर खुर्चीच ओढली!

तिने स्वरूपकडे बघितलं. तो काहीच सांगत नव्हता. नुसता तिच्यासोबत वाजवत होता. ही चाल तिची होती ना, मग तो काय सांगणार? ती समोर बघायला लागली. माणसांकडे... मग त्यांच्या पायांकडे. पाय अजून हलत होते, पण टेकायला जागाच मिळत नव्हती. तिने सगळी जागा सजवून भरून टाकली होती!

तिने मुरक्या टाकल्या. ताना टाकल्या. चाल तेवढी ठेवली, साधी, मोकळी... आणि पाय पडायला लागले! एक, दोन, मग सगळे. राघोदादांच्या ताशाने ती चाल उचलली. काकांची खुर्ची रिकामी!

"आपली!" दादा ताशावरून ओरडले.

रुचिता हसत होती, रडत होती, काय करत होती तिलाच कळत नव्हतं. आता बदलायचं कधी, ते तिने सांगायचं होतं. तिने स्वरूपकडे बघून भुवई उडवली. तो बदललाच नाही. परत उडवली. तो आपला तीच ओळ वाजवतोय, वाजवतोय...

"स्वरूप! झोपलास काय रं?" दादांनी हाळी दिली आणि सगळा मांडव हसला.

हळद आटोपल्यावर ती रस्त्याच्या कडेला पप्पांची वाट बघत उभी होती. तो मागून आला.

"भुवई उडवली होती मी. दोनदा."

"बघितली."

"मग?"

"बघतच राहिलो..." मग घाईघाईने, "चाल कुठं सुचली ग तुला? घरी?"

"नाही. तारोडीहून परत जाताना. स्कूटरवर." ती थांबली. वारा होता, ओढणी उडत होती, आणि आता खाली बघायला कीबोर्डही नव्हता. "दर शनिवारी... तू मागे राहिलास ना, की मला ती ऐकू यायची."

लांबून पप्पांच्या स्कूटरचा हॉर्न वाजला.

"शनिवारी लवकर येशील?" तो म्हणाला.

"सराव संध्याकाळी असतो ना?"

"हाय," स्वरूप म्हणाला. "तू दुपारी ये."