ताईच्या सात ओळी

“चूक ताईचीच! नसली तर फाटकाशी कान धरून अकरा उठाबशा काढीन,” मालक गरजले.

“आणि असली तर मी काढते,” आत्या म्हणाली.

“गुडघ्यांना विचारलंत का?” जावईबापू पुटपुटले.

सगळे एकाच इमारतीतले शेजारी. मालकांची तळमजल्यावर छोटी इंटरनेट कंपनी. आत्या खाजगी गुप्तहेर. जावईबापू तिच्या भाचीचा नवरा आणि तिचा मदतनीस, म्हणजे पिशवी धरायला.

त्या सकाळी दहाला शेजारच्या दवाखान्याचं नेट मेलं. तान्ह्या बाळाच्या हृदयाचा रिपोर्ट दोन तास अडकला. बाळ वाचलं, आईजवळ अजून तिथेच होतं. पण मालकांनी कंपनीच्या एकुलत्या इंजिनियरला, ताईला, संध्याकाळपर्यंत गाशा गुंडाळायला सांगितलं.

आत्याने एकेकाची चौकशी मांडली. आधी मालकांची पाळी. ते चष्मा पुसतच होते.

“मी आलोच बाराला. तोवर सगळा बट्ट्याबोळ. इतकुशा कामाला सात ओळी कशाला? हिला पसारा मांडायची खोडच!”

ताईचे डोळे सुजले होते. “इंटरनेटच्या प्रत्येक मार्गावर आकड्यांची चिठ्ठी लावता येते. तिला कम्युनिटी टॅग म्हणतात. पहिला आकडा आमच्या कंपनीचा, दुसरा हुकमाचा. फिल्टर चिठ्ठी वाचून मार्ग ठेवतो किंवा फेकतो. सात टाकाऊ चिठ्ठ्या फेकायला आज नऊला मी फिल्टरमध्ये सात ओळी लिहिल्या, पहिल्यांदाच. मग दवाखान्यात तार बदलायला गेले. परतले तर सातांच्या जागी एकच ओळ, माझ्या नावावर! शोधून ती पुसेपर्यंत बारा वाजले. माझ्या सात अजून परत लिहिलेल्या नाहीत.”

“स्क्रीन?” आत्याने विचारलं.

“उघडी ठेवून गेले. तेवढा गुन्हा माझा.”

दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “साडेनऊपासून नेट जाईपर्यंत ती माझ्याच शिडीवर होती. आमच्या मार्गाला ‘आधी सोडा’ अशी खास चिठ्ठी. तरी आम्ही बंद, आणि वरच्या घरांतलं नेट मजेत चालू!”

“म्हणजे तार तुटली!” जावईबापू ओरडले.

“तुमची,” आत्या म्हणाली.

सहाला सारे फाटकाशी जमले.

“त्या एका ओळीत पहिला आकडा कंपनीचा आणि दुसऱ्याच्या जागी फुली, म्हणजे ‘कुठलाही चालेल’. टाकाऊ चिठ्ठ्यांबरोबर दवाखान्याची खास चिठ्ठीही फेकली गेली. घरांच्या मार्गांवर चिठ्ठीच नव्हती, म्हणून ते वाचले. दहाला ताई शिडीवर. मग ओळ कोणाची?” आत्या मालकांकडे वळली. “सात ओळी नऊला जन्मल्या, दहाला मेल्या. बाराला आलेल्या माणसाने त्या मोजल्या केव्हा?”

“ताईनेच सांगितलं असेल...”

“मला तुम्ही तोंड तरी उघडू दिलंत?” ताई म्हणाली.

मालकांचा चेहरा पडला. “दहालाच आलो होतो, स्क्रीन उघडी दिसली. सातांचं काम एकात करून दाखवायचं होतं. बाळाचं कळलं आणि घाबरलो. वाटलं, तिच्या नावावर खपून जाईल.”

त्यांनी कान धरले. जावईबापू मोठ्याने मोजू लागले. अकरा झाल्या, मालक थांबेनात.

“अहो, पैज फिटली!”

“या ताईच्या,” मालक धापा टाकत म्हणाले.

ताईने त्यांचा दंड धरला. “माझ्या राहू द्या. तिकडे दवाखान्यात बाळाची आई मला शिव्या देत बसलीय. तिला सांगा, ती ओळ कोणाची होती.”

सगळ्यांच्या देखत, कान न सोडता, मालक दवाखान्याच्या पायऱ्या चढू लागले.