आईसाठी निवडलेली काच

काळीकुट्ट काच लावली की गाडी गार राहते, याबद्दल शाल्मलीच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. शंका होती ती टिमकीच्या डोक्याबद्दल. टिमकी म्हणजे चंद्रपुरातल्या गाड्यांच्या काचांच्या दुकानातली यंत्रबाई. शाल्मलीने निवडलेली, काचेवर चिकटवायची काळी फिल्म तिने पुन्हा जागेवर ठेवून दिली होती.

शाल्मलीच्या डोळ्यांत पाणीच आलं. आईला पाहून वर्ष उलटलं होतं. आई दक्षिण ध्रुवाजवळच्या बर्फात संशोधन करायची. मागच्या वेळी नागपूरच्या विमानतळावरून घरी येताना तापलेल्या गाडीत तिला भोवळ आली आणि सगळी सुट्टी दवाखान्यात गेली. शाल्मलीच्या वाट्याला आई आलीच नाही. आता ती परवा यायची होती, आणि या वेळी तिला ऊन म्हणून लागू द्यायचं नाही, असं शाल्मलीने ठरवून टाकलं होतं.

"काऊन रडून राहिली बाप्पा?" आबाजींनी विचारलं. शाल्मलीचे हे आजोबा आयुष्यभर प्रयोगशाळेत प्रकाशाच्या मागे लागलेले.

"टिमकी म्हणते, पुढच्या-मागच्या काचेतून शंभरातले निदान सत्तर भाग उजेड आत आलाच पाहिजे, बाजूच्या काचांतून पन्नास. कायदा आहे म्हणे!"

"त्याला पारगम्यता (काचेतून आरपार जाणाऱ्या प्रकाशाचं प्रमाण) म्हणतात."

"पण उजेड आला की ऊन येणारच ना!"

"तिथंच तर चुकून राहिली तू. ये इकडं."

त्यांनी काचेचे दोन तुकडे उन्हात धरले, एक काळ्या फिल्मचा, दुसरा जवळपास स्वच्छ दिसणारा. शाल्मलीने त्यांच्याखाली एकेक हात ठेवला. थोड्या वेळाने ती चक्रावली. काळ्या काचेखालचा हातच जास्त तापला होता.

"उन्हात दोघं येतात," आबाजी म्हणाले. "एक उजेड, तो दिसतो. दुसरे अवरक्त किरण (डोळ्यांना न दिसणारे, ऊब देणारे किरण). उन्हातली जवळपास निम्मी ऊब तेच आणतात. ही स्वस्तातली काळी फिल्म उजेड गिळते, स्वतः तापते न ती ऊब आत सोडते. ही दुसरी उजेडाला वाट देते न अवरक्त किरणांना दारातूनच परत धाडते."

शाल्मलीने लगेच त्या प्रकारातली, साठ आकडा असलेली, म्हणजे साठ टक्के उजेड सोडणारी फिल्म उचलली. टिमकीने मान हलवली. "बाजूची काच स्वतःच शंभरातले ऐंशी भाग प्रकाश सोडते. त्या ऐंशींचे साठ टक्के म्हणजे अठ्ठेचाळीस. दोन कमी पडतात. सत्तरची घे, छप्पन्न होतील. पुढे-मागे नव्वदची, तिथे बहात्तर होतील."

"दोननं कोणाचं काय बिघडतं?" शाल्मली हट्टाला पेटली. "काळी असली तर काय होतं?"

आबाजी उठले. काळी फिल्म काढायला आलेली एक गाडी तिथे उभी होती. ते तिच्यात बसले आणि त्यांनी काच वर केली. शाल्मलीला त्या काचेत स्वतःचंच रडवेलं तोंड दिसलं.

दार उघडून त्यांनी विचारलं, "काय म्हटलं मी?"

"तुम्ही बोललात?"

"बोललो. हातही हलवला."

शाल्मलीला आई आठवली. निघताना आई गाडीत बसायची, काच वर करायची आणि मग म्हणायची, "येते हं." आवाज यायचा नाही, ओठ तेवढे दिसायचे. ते ओठ आठवतच तर शाल्मलीने हे वर्ष काढलं होतं. ते पाहायचेही राहिले असते तर तिने काय केलं असतं?

"चालकाला रात्री रस्ता दिसावा आणि रस्त्यावरच्यांना चालक," टिमकी म्हणाली, "म्हणून कायदा आहे."

"सत्तरची दे," शाल्मली हळूच म्हणाली. "आणि पुढे-मागे नव्वदची."

आई आली. तिला भोवळ आली नाही. सगळी सुट्टी ती शाल्मलीची झाली, आणि तरी ती पुरली नाही.

निघायच्या दिवशी बाबा गाडी चालवायला बसले. आईने काच वर केली आणि तिचे ओठ हलले. शाल्मलीला रडू फुटलं, पण तिने डोळे पुसले नाहीत, तेवढ्यात काही दिसायचं राहून जाईल म्हणून.

"आबाजी, इथून थेट ध्रुवावरचं दिसेल अशी काच करता येईल?"

"अजून कोणाला जमली नाही. तू कर न."

शाल्मलीने मान डोलावली. गाडी वळणावर पोचली होती. मागच्या काचेतून आई अजून दिसत होती, मान वळवून तिच्याकडेच पाहणारी.