सुटत्या श्वासावर

"मेथीची जुडी कशी दिली?"

हौसाबाईने आधी समोर पाहिलं, मग मागे पाहिलं. समोर सत्तरीचा एक वाळका म्हातारा उभा होता, गळ्याभोवती करडा पट्टा बांधलेला. आवाज मात्र चाळिशीतल्या भरदार गड्याचा. तोही इतका खोल आणि सावकाश, की भाव सांगायच्या आधी हौसाबाईला चक्क जांभई आली.

"ह्यो काय आवाज म्हणायचा का अंगाई?" ती म्हणाली. "दोन जुड्या घ्या आणि जावा बघू. मला अजून दिवसभर बसायचंय हितं."

म्हातारा जाम खूश झाला. वर्षभरात पहिल्यांदाच त्याने कुणाला तरी जांभई आणली होती, आणि त्याचा सगळा जन्मच लोकांना जांभई आणण्यात गेला होता.

त्याचं नाव यशवंत लाटकर. मिरजेपासून पार सोलापूरपर्यंत लोक त्याला 'प्रोफेसर लाटकर' म्हणून ओळखत. कुठल्याही कॉलेजाने त्याला प्रोफेसर केलं नव्हतं. संमोहनाचे प्रयोग करणाऱ्याने नावामागे प्रोफेसर लावायचं अशी या धंद्याची रीतच आहे. काळा कोट, दहा खुर्च्या आणि आवाज, एवढ्यावर त्याने तीस वर्षं थिएटरं भरवली. मग घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण त्यासाठी स्वरयंत्र काढावं लागलं. श्वास मानेतल्या भोकातून सुरू झाला आणि आवाज बंद झाला. घरी सगळे त्याला आबा म्हणत; या आबांनी घराबाहेर पडणंही बंद केलं.

हा कंठपट्टा त्यांच्या सुनेने, शलाकाने, बनवला होता. ती पुण्याच्या एका कंपनीसाठी मिरजेत बसून बोलकी यंत्रं बनवायची; नवरा जहाजावर, म्हणून घरात ती आणि आबा दोघंच. आबा नुसते ओठ-जीभ हलवत, बोलल्यासारखं करत. पट्टा जबड्याखालच्या स्नायूंची हालचाल ओळखायचा, त्यावरून शब्द जुळवायचा आणि छोट्या स्पीकरमधून म्हणून दाखवायचा. आवाज तिने प्रयोगांच्या जुन्या चित्रफितींतून घेतला होता. म्हणून तर सत्तरीच्या माणसाला चाळिशीचा गळा मिळाला.

"शलाका," मेथी ओट्यावर ठेवत आबा म्हणाले, "मी परत प्रयोग करणार."

शलाकाच्या हातातली कढई तशीच राहिली. तिला आनंद झाला, आणि धास्तीही वाटली. आबांनी आधीच ठरवलेलं दिसत होतं. आवाज परत आला म्हणजे फक्त मेथी मागता येणं नव्हे, स्टेज परत येणं. ते नसेल तर हा पट्टा घेऊन काय करायचं, असं त्यांच्या चेहऱ्यावर सरळ लिहिलेलं होतं.

प्रयोग इचलकरंजीच्या एका छोट्या हॉलमध्ये ठरला. जुने लोक आठवणीने आले. सुरुवात झक्क झाली. आबांनी सगळ्यांना दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफायला लावली, ती आता सुटणार नाहीत म्हणून सांगितलं, आणि ज्यांची खरंच सुटेनात त्यांना वर बोलावलं. सगळ्यांच्या आधी पळत आलेल्या एका पोराला त्यांनी पाठीवर हात ठेवून मानाने परत पाठवलं. शलाकाला कारण माहीत होतं. पळत येणारा झोपायला येत नाही, दिसायला येतो. आबांच्या असल्या गोष्टी तिला तोंडपाठ होत्या.

दहा जण खुर्च्यांवर बसले. आबा बोलू लागले. शब्द तेच, आवाज तोच. पण कुणाची मान ढळेना. एकाने डोळा किलकिला करून पाहिलं. एक बाई खुदकन हसली, तिचं हसू शेजारच्याला लागलं. आबांनी घाई केली नाही, आवाज चढवला नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. काही उपयोग झाला नाही.

शेवटी ते प्रेक्षकांकडे वळले आणि हात जोडून म्हणाले, "ही मंडळी उत्तम आहेत. आज कमी पडलो तो मी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बिचाऱ्याची कीव येऊन वाजवतात तशा. आबांना त्या टाळ्या बरोबर कळल्या. घरी आल्यावर त्यांनी पट्टा काढला, कोटाच्या खिशात घातला आणि कोट कपाटात टाकून दिला. मग मोबाईलवर टाईप करून सुनेसमोर धरलं : 'आवाज फर्स्टक्लास आहे. मीच उरलेलो नाही.'

शलाकाला रडू आलं, आणि रागही आला. आबांचा नाही, स्वतःचा. जिथे जिथे शंका होती तिथे तिथे तिने आवाज घासूनपुसून पाहिला. चित्रफितींशी ताडून पाहिला. कुठे केसभर फरक नव्हता. मग हा माणूस तेव्हा लोकांना झोपवायचा आणि आता का झोपवू शकत नाही?

"आबा, नेमकं कधी बोलायचं हे तुम्ही कसं ठरवायचात?" तिने विचारलं.

आबांनी खांदे उडवले आणि टाईप केलं : 'शिकवता येत नाही. दहा वेळा तोंडावर आपटलं की येतं.'

"मग आपटते," शलाका म्हणाली.

आणि खरंच ती कॉलनीच्या महिला मंडळात जाऊन उभी राहिली. आबांचं सगळं बोलणं तिला पाठ होतं, त्यामुळे भीती नव्हती. भीती वाटायला हवी होती हे तिला पाच मिनिटांत कळलं. बायका हसून हसून लोळल्या. पुढच्या खेपेला जोशीकाकू 'डोळे मिटा' म्हटल्यावर वांग्याच्या भाजीत गूळ किती घालायचा ते सांगू लागल्या. त्याच्या पुढच्या खेपेला एक जण झोपली, पण ती आधीच दमून आलेली होती. शलाका दर वेळी पडेल चेहऱ्याने घरी यायची. आबा काही विचारायचे नाहीत, फक्त चहा करून पुढ्यात ठेवायचे. तिचं आपटणं पाहून त्यांना जरा बरं वाटत असावं, अशी तिला दाट शंका होती.

मग एका दुपारी ते घडलं. समोर बसलेल्या कुलकर्णी वहिनींनी मोठा श्वास घेतला, सोडला, त्यांचे खांदे खाली आले, आणि नेमका त्याच क्षणी शलाकाच्या तोंडून 'खाली' हा शब्द निघाला. निव्वळ योगायोग. पण वहिनींची मान अलगद छातीवर उतरली. शलाकाच्या अंगावर काटा आला. तिने मुद्दाम पुढच्या सुटत्या श्वासाची वाट पाहिली आणि मग म्हणाली, 'आणखी खाली.' वहिनींच्या मांडीवरचे हात सैल पडले. खोलीतल्या बायका आपोआप गप्प झाल्या.

तिने वहिनींना आवर्जून नावाने हाक मारून जागं केलं, आणि चपला कशाबशा अडकवून घराकडे पळाली.

"आबा, तुम्ही लोकांच्या खांद्यांकडे बघून बोलायचात! श्वास सुटताना शब्द टाकायचात. चित्रफितीत ते दिसणार कसं? कॅमेरा तुमच्याकडे, खुर्च्यांवरची माणसं बाजूला."

आबा खाली बसले. मग त्यांनी डोळे मिटले, जुना एखादा प्रयोग मनात चालवून पाहिल्यासारखं केलं, आणि हळूहळू मान डोलावली. तीस वर्षं ते हेच करत आले होते आणि त्यांचं त्यांनाच माहीत नव्हतं.

आता चूक कुठे होती ते उघड होतं. आबांचे ओठ हलणार, पट्टा शब्द ओळखणार, मग बोलणार. यात अर्धा सेकंद जायचा. मेथी घेताना तेवढ्याने बिघडत नाही. पण आबा अजूनही बरोबर वेळेला ओठ हलवत होते, आणि शब्द मात्र पडायचा माणसाने पुढचा श्वास घेताना. आत येणाऱ्या श्वासावर 'झोपा' म्हटलं की माणूस उलट ताजातवाना होतो. बिचारे आबा दहा जणांना झोपवत नव्हते, जागं करत होते.

हे ऐकल्यावर आबांनी कपाट उघडलं, कोटाच्या खिशातून पट्टा काढला आणि स्वतःहून गळ्यात घातला.

"मग हा अर्धा सेकंद काढ," ते म्हणाले.

"काढता येईल," शलाका जपून म्हणाली. "पण मग पट्ट्याला तुमचं बोलणं आधी ताडावं लागेल. तुमची जुनी वाक्यं, सवयी, जबड्याची तयारी, यावरून पुढचा शब्द ओळखायचा आणि वेळेवर टाकायचा."

"म्हणजे माझ्याआधी हाच बोलणार?"

"तुमचे ओठ हलायच्या आधी. तुम्ही ठरवायच्या आधी नाही."

आबांनी कोट झटकून खुंटीला लावला. "बघू," ते म्हणाले.

दुसरा प्रयोग मिरजेतच झाला, मोठ्या थिएटरात. हौसाबाईसुद्धा आली होती, पहिल्या रांगेत पदर सावरून. दहा जण वर आले. शलाका विंगेत उभी होती, हाताची नखं तळव्यात रुतवून. आबांनी नजर खुर्च्यांवरून फिरवली, चेहऱ्यांवरून नाही, खांद्यांवरून. खांदे चढले, उतरू लागले.

"सैल सोडा," आवाज आला.

पहिली मान ढळली. मग तिसऱ्या खुर्चीतली. मग एकदम तीन. सगळ्या थिएटरात 'हं' असा सुस्कारा उमटला, आणि पहिल्या रांगेत हौसाबाई केव्हाच घोरायला लागली होती. शलाकाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि तिने ते पुसलंही नाही. आबा परत आले होते, पुरतेच्या पुरते.

प्रयोग रंगला. एका कडक मास्तरांनी अदृश्य पतंग उडवला, एका बँकवाल्याने नसलेल्या आंब्याचा रस मनगटापर्यंत चाटला. थिएटर हसून कोसळत होतं. वासंती निगडे नावाच्या निवृत्त पोस्टमास्तर बाईंना आबांनी सांगितलं, तुम्ही सात वर्षांच्या आहात, परकर-पोलकं घालून अंगणात उभ्या आहात. बाई गोड हसल्या. आणि हसता हसता त्यांचा चेहरा चुरगळला, गालांवरून आसवं ओघळू लागली.

काही लोक अजून हसत होते. आबा झटकन पुढे झाले आणि बाई आणि प्रेक्षक यांच्या मधे उभे राहिले, कोटाची पाठ थिएटराकडे करून. एवढं शरीराने आपसूक केलं. पण पुढे काय बोलायचं? बाईंनी हुंदका आत ओढला, खांदे वर गेले, आणि खाली येताना आवाज आला, अगदी हलका.

"इथे कुणी बघत नाहीये, वासंती. जे राहिलं होतं ते बोलून घे. मग सावकाश घरी ये."

बाईंचे ओठ काहीतरी पुटपुटले. मग चेहरा निवळला, असा की शेवटच्या रांगेतल्या माणसाचंही हसू थांबलं. आबांनी त्यांना सगळ्यांत शेवटी, नावाने हाक मारून जागं केलं. आणि मग टाळ्या सुरू झाल्या. या वेळी कीव करणाऱ्या नव्हत्या. लोक उभे राहिले होते.

प्रयोगानंतर दाराशी उभं राहून वर आलेल्या प्रत्येकाला निरोप द्यायचा, नीट जागा झालाय ना ते डोळ्यांत बघायचं, हा आबांचा जुना नेम. निगडेबाई आल्या तेव्हा त्यांनी आबांचे दोन्ही हात धरले.

"आई गेली तेव्हा मला खोलीत जाऊ दिलं नव्हतं, लहान म्हणून," त्या म्हणाल्या. "आज जाऊन आले. ते 'घरी ये' म्हणालात ना, त्यामुळे परत यायचं धाडस झालं. तुम्हाला कसं सुचलं हो?"

आबा नुसते हसले.

रंगपटात आल्यावर मात्र ते खुर्चीत बसून राहिले. शलाका पेढ्यांचा पुडा उघडत होती.

"ते वाक्य," आबा म्हणाले. "जे बाईंना म्हणालो. ते मी नव्हतं म्हटलेलं. मी शोधत होतो."

शलाकाचे हात थांबले. तिने लॅपटॉप उघडून नोंद पाहिली. त्या क्षणी जबडा स्थिर होता. तिने जुन्या चित्रफितींत ते वाक्य शोधलं. कुठेही नव्हतं.

"पण आबा, तुम्ही तेच म्हणाला असतात," ती म्हणाली.

"हो ना. नेमकं तेच. फक्त मला ते नंतर कळलं." त्यांनी पट्ट्याला बोट लावलं. "मला हे यायला किती प्रयोग लागले असतील, सांग बरं. आणि ह्याला एकच?"

"काढून ठेवू का?"

आबांनी नकारार्थी मान हलवली. "पुढच्या महिन्यात सोलापूर आहे. जायचंय मला." मग ते खुर्चीत ताठ बसले, ओठ घट्ट मिटले आणि डोळेही. हा गडी आपणहून काही बोलतो का ते बघूया, असा त्यांचा रोख होता. शलाकाही श्वास रोखून थांबली. आबांचे खांदे चढले, उतरले. पुन्हा चढले, उतरले. पट्टा गप्प होता. तिसऱ्यांदा खांदे खाली येऊ लागले.

"बघ, शहाणा आहे. गप्प कधी बसायचं तेही शिकला."

शलाका हसली. मग हसता हसता थबकली. महिला मंडळात लागलेल्या सवयीने ती सगळा वेळ आबांच्या खांद्यांकडे बघत होती, ओठांकडे नाही.

आबांनी डोळे उघडले.

"हे तरी मीच म्हणालो ना?"