जावक क्रमांक दोनशे तेरा

दुपारचा चहा झाल्यावर धाकटीनं कॉम्प्युटर सुरू केला. धाकटी म्हणजे सत्तरी ओलांडलेली बाई. पण ताईनं ठेवलेलं नाव जन्मभर चिकटलं ते चिकटलंच.

दोघी बहिणी दोन शहरांतल्या दोन कचेऱ्यांत आवक-जावक विभागात कारकून होत्या. जाणाऱ्या पत्रावर क्रमांक घालायचा, आलेल्यावर आवकीची तारीख. ही खोड घरीही आली. एकमेकींच्या पत्रांनाही त्या क्रमांक घालत, दोघींत मिळून एकच मालिका. पत्र हाती पडलं की वरच्या कोपऱ्यात लाल शाईनं ‘आवक’ आणि तारीख. भाऊजी म्हणत, “आता एकमेकींना स्मरणपत्रंही धाडा!”

ताई गेली तेव्हा तिच्याकडची पत्रं डब्यात भरून धाकटीकडे आली. आता कागदाला हात लावला की तुकडे पडत. म्हणून तिनं वर्षभर बसून दोघींची सगळी टाइप केली. एक पत्र, एक फाइल. कोपऱ्यातल्या लाल खुणा तेवढ्या टाइप केल्या नाहीत. एकूण दोनशे बारा.

ताईच्या मुलीनं लांबून एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहून पाठवली होती, फायली क्लाउडवर चढवण्यासाठी.

“ढगात ठेवायचं? आणि पाऊस आला म्हणजे?” धाकटीनं फोनवर विचारलं होतं.

“मावशी, दुसऱ्या गावातलं कपाट समज. एंटर दाब. जे आधीच पोचलंय ते स्क्रिप्ट वगळते, नवं तेवढं चढवते. आईची पत्रं मला इथे वाचता येतील गं.”

धाकटीनं एंटर दाबलं. काळ्या पडद्यावर ओळी उमटू लागल्या. एक, चढवले. दोन, चढवले. पंखा फिरत होता. खालच्या गल्लीत कुणी तरी गालिचा झटकत होतं.

दोनशे बारा, चढवले.

दोनशे तेरा, चढवले.

तिनं चष्मा पुसला. फोल्डर उघडून मोजलं. इथे दोनशे बाराच होत्या. वरच्या कपाटात, क्लाउडवर, दोनशे तेरा.

शेवटची उघडली.

‘धाकटे, शिलाई मशीन तूच ठेव. डॉक्टरांचं तोंड उतरलंय. एकदा येऊन जा.’

आईच्या मशीनवरून दोघींत अबोला होता. हे पत्र तिनं फाडून शेगडीत घातलं होतं. ताई गेल्यावर तिच्या दारात मात्र सगळ्यांदेखत म्हणाली होती, “मला कुणी कळवलंच नाही.” त्याला एकोणतीस वर्षं झाली. भाचीचा अजूनही त्यावर विश्वास होता.

तिनं ती फाइल पुसली. खात्रीसाठी पुन्हा एंटर. दोनशे बारा ओळी ‘आधीच आहे, वगळले’ म्हणत गेल्या.

दोनशे तेरा, चढवले.

फोन वाजला.

“मावशी, तू दोनशे बारा म्हणालीस ना? इथे एक जास्तीचं दिसतंय. उघडू?”

खालचा गालिचा थांबला होता.

“थांब. आधी माझ्याकडून ऐक.” आणि तिनं सांगून टाकलं. मशीन, शेगडी, सगळं.

मग भाची हळू म्हणाली, “आई शेवटपर्यंत विचारत होती. धाकटीचं उत्तर आलं का? आम्ही रोज पत्रपेटी बघायचो.”

“रागाव गं मला.”

“रागावेन. आज नको.” मग म्हणाली, “तू उत्तर लिही, मावशी. कपाटात राहू दे.” तिनं फोन ठेवला.

धाकटी कीबोर्डजवळ सरकली.

‘जावक क्रमांक २१४. ताई, मशीन तुझंच आहे. मी येते येते.’

शब्द दोनदा पडला होता. तिनं तो तसाच ठेवला, फाइल जतन केली आणि एंटर दाबलं.

दोनशे चौदा, आधीच आहे, वगळले.

तिनं वरचं कपाट उघडलं. फाइल होती. तिचेच शब्द होते, ‘येते’ दोनदा.

फक्त अगदी वर एक ओळ होती, तिनं न लिहिलेली.

‘आवक’. पुढे तारीख, एकोणतीस वर्षांपूर्वीची.

ताईला स्मशानात पोचवून सगळे घरी आले, त्याच्या दुसऱ्या दिवसाची.