चाळिसावी नळी

विश्वास ठेवायचा तर ठेवा, माझा आग्रह नाही. मी वसुमती, आकडेवारी शिकलेली बाई. योगायोग किती वेळा घडेल हे मोजणं, हाच माझा धंदा.

सायवनच्या शिबिरात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या अभ्यासासाठी चाळीस जणांचं रक्त घ्यायचं होतं. एकोणचाळीस आले. चाळिसावी जिवली, ती दोनच दिवसांपूर्वी त्या आजाराने गेली होती. एवढं सांगायला तिचा बाप हिरू मुद्दाम चालत आला होता.

"गुडघे धरून रडायची..." तो म्हणाला. "तिचा नाव रिकामा ऱ्हऊ दे, बाय. त्यात कोणाला बसवू नको."

मी मान डोलावली. आणि त्याची पाठ वळताच, यादी पुरी दिसावी म्हणून, संगीता नर्सकडून माझंच रक्त काढून घेतलं आणि जिवलीच्या नावाच्या नळीत भरलं. सांगताना आजही लाज वाटते.

महिन्याभराने बोर्डीच्या घरी भर दुपारी लॅपटॉपवर त्या चाळीस नळ्यांच्या डीएनएच्या कामाला बसले. वीज गेलेली. चिकूच्या वाडीत पानही हलत नव्हतं. डीएनए म्हणजे चारच अक्षरांची लांबलचक ओळ. त्यातला आठ अक्षरांचा एक तुकडा मी शोधत होते. चार लाख अक्षरांत तो योगायोगाने सहाएक वेळा यावा. एकोणचाळीस जणांत तसाच आला. कुणात पाच, कुणात सात. चाळिसाव्या नळीत एकसष्ट.

अशा वेळी आम्ही अक्षरं पत्त्यांसारखी पिसतो. ओळ मोडली की आकडा आपोआप सहाच्या आसपास उतरतो. मी पिसली. एकसष्ट. पुन्हा पिसली. एकसष्टच. खोलीत स्पिरिटचा वास येऊ लागला. घरात स्पिरिट नव्हतं.

घाबरून प्रयोगशाळेतल्या दीप्तीला फोन केला, सगळं कबूल केलं. ती एवढंच म्हणाली,

"तुझ्या नावाने नवीन सॅम्पल पाठव... जुनी नळीही मी परत तपासते."

काल तिचा फोन आला.

"वसू, जिवलीच्या नळीत आता सहाच येतायत. अगदी नॉर्मल."

"आणि माझ्या?"

"...एकसष्ट. आणि सिकलसेल आहे."

लग्नाआधी मी तपासणी केली होती. रिपोर्ट स्वच्छ होता, कपाटात आहे. तो काढायला म्हणून आज सकाळी उठले, तर गुडघ्यांतून अशी कळ आली की ते दोन्ही हातांनी धरून तिथेच खाली बसले. तोंडातून हाक निघाली, "बा..."

मी माझ्या वडिलांना अण्णा म्हणते.