पेन्सिलभर पाणी

त्या दिवशी मी फक्त एक बादली आणायला बाहेर पडले होते. पांढरी, उभट, साधी. दुकानदार म्हणाला, "नवा संसार दिसतोय. सगळे पातेली नेतात, तुम्ही बादली?" मी नुसतं हसले. ती बादली पाण्यात बुडवून, तिच्यातलं पाणी आणि बाहेरचं पाणी शेजारी शेजारी बघायचं आहे, हे त्याला सांगितलं असतं तर त्यानं माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं असतं.

घर घेतलं तेव्हा आमच्या लग्नाला चार महिने झाले होते. तीन खोल्या, आणि मागच्या अंगणात पोहण्याचा हौद. जमिनीत खणलेला नव्हे, जमिनीवर उभा केलेला: गोल, बारा फूट रुंद, पत्र्याच्या भिंतीचा, माझ्या छातीएवढा उंच, आतून निळं प्लास्टिकचं अस्तर. मी घर पाहत होते, ओट्याची उंची, खिडक्यांच्या कड्या. नवऱ्यानं घर पाहिलंच नाही. त्यानं हौद पाहिला आणि हो म्हणून टाकलं. पाच वर्षं हौदाला कुणी हात लावला नव्हता. पाणी हिरवं राहिलं नव्हतं, त्याच्याही पुढे गेलं होतं.

किल्ल्या द्यायला आधीची मालकीण आली. तिचा नवरा गाडीतच बसून राहिला. रणरणती दुपार, आणि त्याचे केस नुकतंच न्हाऊन आल्यासारखे ओले, नीट विंचरलेले. मी मनात म्हटलं, काय टापटिपीचा माणूस आहे. बाई हौदाबद्दल काहीच बोलली नाही. निघताना मात्र म्हणाली, "शिडी माळ्यावर आहे. लागणार नाही तुम्हाला."

चार महिन्यांत माणूस कितीसा कळतो? नवऱ्याबद्दल मला पक्क्या माहीत होत्या त्या दोनच गोष्टी. ओले पाय पुसताना तो आधी डावा पुसतो. आणि किल्ली खिशात असली तरी दार वाजवतो. दोनदा, मग थांबून एकदा. "आत कुणीतरी उघडायला आहे, त्याची मजा असते," म्हणायचा. बाकीचा माणूस अजून कळायचा होता. मला घाई नव्हती.

हौद उपसायला तीन रविवार गेले. मदतीला एक म्हातारा पंपवाला होता. आत डोकावून तो म्हणाला, "साहेब, यात पोहायचंय की पेरायचंय?" पाणी नाल्यात सोडलं तेव्हा कुजलेल्या पानांचा वास घरभर भरला. वास गेला, पण मागच्या दाराच्या पायरीवर ओल राहिली. मी पुसायची, ती पुन्हा यायची. पंपवाल्यानं फाटलेल्या अस्तराला ठिगळ लावलं, पंप बदलला, मग ताजं पाणी भरून पांढरी पूड टाकली. चौथ्या दिवशी पाणी इतकं नितळ झालं की तळाच्या अस्तराचे जोड मोजता येत होते. सात होते.

शिडी मीच माळ्यावरून काढली. भिंतीच्या दोन्ही बाजूंना पाय सोडून उभी राहणारी, दुपाखी. तिचा पाण्यात उतरणारा पाय जुन्या चादरीत घट्ट गुंडाळलेला होता. गाठी इतक्या आवळलेल्या की चमच्याच्या दांड्यानं सोडवाव्या लागल्या. नऊ गाठी. "बघ, लोक वस्तू कशा जपतात," नवरा म्हणाला.

मी रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. पाण्याच्या रेषेशी डोळा नेऊन पातळी वाचणं हे माझं पोटापाण्याचं काम. म्हणून हौदाच्या आतल्या कडेला मी पांढरी पट्टी चिकटवली आणि पाण्याशी एक रेघ मारली. नवरा उतरला तसं पाणी बरोबर एका पेन्सिलीच्या जाडीएवढं चढलं. बाहेर आला तसं खाली आलं. चढलं होतं तिथे मी दुसरी रेघ मारली.

"म्हणजे मी पेन्सिलभरच?"

"सध्या तरी."

पोहून झालं की शिडी बाहेर काढून ठेवायची, नाहीतर शेजारची पोरं चढतात, हा पंपवाल्याचा नियम आम्ही पाळत होतो. एकदाच मोडला, तोही त्याच्याच सांगण्यावरून. ठिगळ धरलंय का ते बघायचं होतं. शिडीच्या पाण्यातल्या पायरीवर ती पांढरी बादली भरून ठेवायची, आतल्या-बाहेरच्या पाण्यावर खुणा करायच्या आणि एक दिवस, एक रात्र शिडी हलवायची नाही. ऊन पाणी प्यायलं तर दोन्हीकडचं उतरेल. पाऊस पडला तर दोन्हीकडचं चढेल. एकट्या हौदातलं उतरलं तर गळती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंपवाला आला. ढगाळ हवा होती, वारा नव्हता. बादलीतलं पाणी खुणेवर होतं. हौदातलं चढलेलं होतं.

त्यानं दोन्ही खुणा बोटानं पुन्हा तपासल्या. "गळती मला कळते, ताई. हे उलटं... हे मी कधी बघितलं नाही." त्यानं अवजारं पिशवीत भरली. फाटकाशी थांबून म्हणाला, "शिडी रात्रभर आतच होती ना?"

"तुम्हीच सांगितलंत."

"हो... मीच सांगितलं." पुन्हा तो आला नाही. माझा फोनही उचलला नाही.

पाणी दुसऱ्या रेघेवर होतं. पेन्सिलभर वर. तळाचे सातही जोड स्वच्छ दिसत होते. आत कुणी नव्हतं.

दुपारी मी नवऱ्याला दाखवलं. तो खो खो हसला. "म्हणजे आत एक नवरा जादा आहे म्हण की! थांब, विचारूनच येतो."

"नको ना रे..."

तो उतरला. पाणी आणखी पेन्सिलभर चढलं. मला डोळा मारून त्यानं बुडी घेतली. पाण्यावर तरंग उठला नाही. मी आकडे मोजायला लागले. वीस... तीस... वरून बघताना त्याची पाठ दिसत होती, मग ढग सरकला, पाणी चकाकलं आणि काहीच दिसेना. चाळीसला शिडी हलली. तो वर आला, खाली उतरला, हात पुढे केला. मी टॉवेल दिला.

त्यानं आधी उजवा पाय पुसला.

मी पट्टीकडे पाहिलं. पाणी एका पेन्सिलीनं खाली आलं होतं. हिशोब चोख होता. दोन होते, एक बाहेर आला. पाणी किती ते सांगतं, कोण ते सांगत नाही.

"आता पोहणं पुरे," तो म्हणाला, आणि शिडी उचलून स्वतः माळ्यावर टाकून आला. तीन रविवार कमरेपर्यंत चिखलात उभा राहिलेला माणूस. मी काय बोलणार होते? तू उजवा पाय आधी का पुसलास?

पुढचे चार दिवस तो फार चांगला वागला. ओला टॉवेल पलंगावर टाकला नाही. चहा आवडल्याचं सांगितलं. संध्याकाळी किल्लीनं दार उघडून आत आला, आवाजसुद्धा न करता. नवरा सुधारला म्हणून तक्रार घेऊन मी कुणाकडे जाणार?

पाचव्या दिवशी सुट्टी होती. भर दुपारी तो खुर्चीत पेपर वाचत होता, मी भांडी पुसत होते. मागून पत्र्यावर आवाज आला. टक, टक... टक.

मी वाटी ओट्यावर ठेवून मागच्या दाराकडे पाहिलं.

"पंप असेल," तो म्हणाला.

"पंप बंद आहे."

"मग वारा."

झाडाचं पान हलत नव्हतं. टक, टक... टक. आतून, पाण्याखालून यावा तसा जड आवाज. मी स्टूल ओढलं आणि माळ्यावरून शिडी काढली. त्यानं अडवलं नाही. पेपर मांडीवर ठेवून नुसतं विचारलं, "मी तुला काही त्रास दिला का?"

"नाही."

"मग...?"

त्याचा चेहरा खरंच दुखावलेला होता. अजूनही कधी कधी तो आठवतो.

मी शिडी हौदात सोडली आणि पट्टीशी डोळा नेला. शिडी हलली नाही, थेंब वाजला नाही. पाणी मात्र हळूहळू उतरत गेलं. पेन्सिलभर. पहिल्या रेघेवर येऊन थांबलं. माझ्या मानेला गार हवा लागली, आणि मी धावत घरात शिरून मागच्या दाराला कडी घातली.

तो अजून खुर्चीतच होता.

दार वाजलं. दोनदा. मग थांबून एकदा.

"उघडू नकोस," तो खुर्चीतून अगदी हळू म्हणाला. "दारात आहे तो... तो मी नाहीये."

मी कडीवर हात ठेवून उभी राहिले. दोघांचा आवाज एकच होता, चेहराही एकच असणार होता. माझ्याकडे पुरावा म्हणाल तर जेमतेम पाच महिन्यांचा संसार, एक पाय आणि तीनदाची टकटक. मी कडी काढली.

दारात नवरा उभा होता. निथळत होता, ओठ निळे पडले होते. "किती वेळ," तो म्हणाला, "किती वेळ वाजवतोय मी..."

मी मागे वळले. खुर्ची रिकामी होती. कोरडी. पेपर नीट चौघडी करून ठेवलेला.

नवऱ्यानं पायपुसण्यावर पाय पुसले. आधी डावा. मी तिथेच खाली बसून रडले.

दुसऱ्या सकाळी पाणी पुन्हा पेन्सिलभर वर होतं. मी शिडी ओढून काढली, तिचा पाय आमच्याच चादरीत गुंडाळला आणि दातानं आवळून गाठी मारल्या. माळ्यावर ढकलताना सहज मोजल्या. नऊ.

याला तीन महिने झाले. तो दार वाजवतो, मी उघडते. डावा पाय आधी. ओला टॉवेल पलंगावर, चहाबद्दल चकार शब्द नाही. सगळं जुळतं. फक्त त्याचे केस सुकत नाहीत. मी पुसून देते, उन्हात बसवते, आणि टॉवेल वाळत घालून येईपर्यंत ते पुन्हा ओले असतात. हल्ली तो ते नीट विंचरतो.

उद्या दुपारी एक जोडपं घर बघायला येणार आहे. त्यांचंही लग्न नवंच आहे म्हणे. नवऱ्याला मी सांगून ठेवलंय, तू गाडीतच बस.